व्हॅम्पायर वाचायला सुरुवात करताना: काय आधी, काय नंतर, आणि वहीत काय टिपायचं

व्हॅम्पायर म्हटलं की काळा झगा, सुळे, लसूण, क्रूस आणि ऊन लागताच होणारी राख, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. ही माहिती बहुतेकांकडे सिनेमातून आलेली असते. मग कोणी उत्साहाने 'ड्रॅक्युला' हातात घेतो आणि पाचव्या प्रकरणाला अडकतो. कोणी जगभरातल्या व्हॅम्पायरांच्या याद्या वाचत सुटतो आणि महिन्याभरात चीनचं कुठलं, मलायाचं कुठलं हे सगळं एकमेकांत मिसळून जातं. हा लेख या दोघांसाठी आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून ठेवा. व्हॅम्पायर नावाचा एकच एक प्राणी नाही. प्रत्येक मुलखाचा वेगळा आहे, आणि तिथल्या लोकांना कशाची धास्ती होती त्यावरून त्याचे नियम ठरले आहेत. नियम टिपत गेलात की ती धास्ती आपोआप दिसायला लागते. खरी गोडी तिथेच आहे.

पायरी १ : सात रकान्यांची वही

दोन पानं समोरासमोर येतील अशी वही घ्या आणि सात रकाने आखा. (१) हा होतो कोण आणि कसा? (२) माणसाकडून काय नेतो? रक्त, श्वास, गर्भ की फक्त झोप? (३) केव्हा वावरतो? (४) घरात कसा शिरतो? (५) कशाने अडतो? (६) कशाने संपतो? (७) हे आपल्याला कुठून कळलं? कादंबरी, सिनेमा, सरकारी कागद की तोंडी परंपरा?

एका पुस्तकाला किंवा एका प्रदेशाला एक ओळ. प्रकरणाचा आकडा लगेच लिहा, नंतर सापडत नाही. सातवा रकाना कंटाळवाणा वाटतो म्हणून बरेच जण सोडून देतात आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. 'व्हॅम्पायर उन्हात जळतो' असं लिहिलं आणि कुठून ते लिहिलं नाही, तर ती ओळ वाया गेली समजा.

पायरी २ : आधी 'कार्मिला'

शेरिडन ले फानू या आयरिश लेखकाची ही लघुकादंबरी १८७२ मध्ये पुस्तकरूपात आली, म्हणजे 'ड्रॅक्युला'च्या पंचवीस वर्षं आधी. सोळा छोटी प्रकरणं आहेत, दोन संध्याकाळींत वाचून होतात. ऑस्ट्रियातल्या स्टिरिया प्रांतात एकाकी वाड्यात राहणारी लॉरा, वाड्यासमोर उलटलेली घोडागाडी, आणि त्या अपघातामुळे घरी राहिलेली पाहुणी कार्मिला एवढाच पसारा. गोष्ट वाड्याबाहेर फारशी जात नाही, त्यामुळे नवख्या वाचकाला सगळे धागे हातात ठेवता येतात.

वाचताना तिसऱ्या रकान्याकडे लक्ष ठेवा. कार्मिला दुपारी एकच्या सुमारास खोलीतून खाली येते, कपभर चॉकलेट घेते, बाकी काही खात नाही, आणि मग दिवसाउजेडी लॉराबरोबर फिरायला निघते. ऊन तिला जाळत नाही. मात्र प्रेतयात्रेतलं भजन कानावर पडलं की ती संतापाने थरथरते. तिची नावंही बघा: कार्मिला, मिर्काला, मिलार्का. प्रत्येक वेळी अक्षरं तीच, क्रम वेगळा. हा तिच्यावरचा नियमच आहे, तो पहिल्या रकान्यात जाईल.

पायरी ३ : 'ड्रॅक्युला', पण तारखा लिहीत

ब्रॅम स्टोकर यांची ही कादंबरी मे १८९७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. तिचा स्वामित्वहक्क कधीच संपला आहे. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर ३४५ हा क्रमांक टाकला की पूर्ण इंग्रजी मजकूर फुकट मिळतो. छापील प्रत किंवा अनुवाद घेणार असाल तर आधी दोन गोष्टी तपासा: प्रकरणं २७ आहेत का, आणि सुरुवात जोनाथन हार्करच्या ३ मे या तारखेच्या रोजनिशीने होते का. तसं नसेल तर ती संक्षिप्त आवृत्ती आहे, आणि संक्षेपात सगळ्यात आधी कात्री लागते ती नेमकी आपल्याला हव्या असलेल्या तपशिलांना.

कादंबरी सलग निवेदनाची नाही. रोजनिशा, पत्रं, तारा, वर्तमानपत्रातली कात्रणं, जहाजाची नोंदवही असे कागद एकापुढे एक लावले आहेत. पहिली चार प्रकरणं वाऱ्यासारखी जातात आणि ३० जूनला येऊन थांबतात. पाचवं प्रकरण उघडतं ते ९ मेच्या पत्राने. काळ मागे गेलाय हे लक्षात आलं नाही की वाचक गोंधळतो, आणि बरेच जण पुस्तक इथेच मिटतात. म्हणून एका सुट्या कागदावर तारीख, ठिकाण आणि कोण लिहितंय हे प्रत्येक नोंदीला टिपत चला. दिवसाला दोन प्रकरणं धरली तर दोन आठवड्यांत पुस्तक होतं.

सहाव्या प्रकरणात व्हिटबी या बंदरातला म्हातारा खलाशी यॉर्कशरच्या बोलीत बोलतो. प्रत्येक शब्दाला कोश उघडू नका. त्याचं म्हणणं एवढंच आहे, की दफनभूमीतले दगड खोटं बोलतात, कारण ज्यांची नावं त्यांवर कोरलीत ते कधीचे समुद्रात बुडालेत, दगडाखाली कोणी नाही. हे कळलं की पुढे चला. सातव्या प्रकरणातली 'डिमिटर' जहाजाची नोंदवही मात्र एका बैठकीत वाचा. वार्ना बंदरातून निघालेल्या जहाजावरचा एकेक खलाशी नाहीसा होत जातो आणि कप्तान ते रोज दोन-चार कोरड्या ओळींत लिहून ठेवतो. पूर्ण पुस्तकातला सर्वांत घट्ट विणलेला भाग आहे हा.

अठराव्या प्रकरणात वही उघडी ठेवा. ड्रॅक्युलाचा माग काढणारा प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग तिथे व्हॅम्पायरचे सगळे नियम एका दमात सांगतो. सावली पडत नाही, आरशात दिसत नाही. लांडगा, वटवाघूळ, धुकं होता येतं. घरातल्या कोणीतरी पहिल्यांदा बोलावल्याशिवाय आत येता येत नाही. वाहतं पाणी फक्त भरती-ओहोटीच्या ठरावीक वेळीच ओलांडता येतं. पेटीवर रानगुलाबाची फांदी ठेवली तर आतून बाहेर पडता येत नाही. दिवस उगवला की त्याची शक्ती थांबते, आणि रूप बदलायचं तर सूर्योदय, माध्यान्ह किंवा सूर्यास्त याच घटकांना. शक्ती थांबते म्हणजे तो मरतो असं नव्हे. तेराव्या प्रकरणात ड्रॅक्युला भर दिवसा लंडनच्या पिकॅडिलीत उभा दिसतो. शेवटचं प्रकरण वाचताना कोणतं हत्यार कोणाच्या हातात आहे हे सावकाश बघा. बहुतेकांच्या आठवणीत जे असतं ते त्या पानावर नाही.

पायरी ४ : सिनेमाची भर वेगळी काढा

आता वहीत दुसऱ्या रंगाची शाई वापरा. उन्हाने व्हॅम्पायर नाहीसा होण्याची प्रथा १९२२ च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटाने पाडली. तो 'ड्रॅक्युला'वरूनच बेतला होता, पण परवानगी न घेता. स्टोकर यांच्या पत्नी फ्लॉरेन्स यांनी दावा लावला आणि १९२५ मध्ये न्यायालयाने प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. काही प्रती वाचल्या म्हणून आज तो बघायला मिळतो. उंच कॉलरचा झगा रंगभूमीवरून आला. १९३१ च्या प्रसिद्ध बोलपटात बेला लुगोसीचे सुळे एकदाही दिसत नाहीत.

व्लाड त्सेपेशचंही इथेच निस्तरून टाका. पंधराव्या शतकातला हा वलाकियाचा राजा, शत्रूंना सुळावर चढवणारा म्हणून कुप्रसिद्ध. 'ड्रॅक्युला म्हणजेच व्लाड' हे समीकरण १९७२ नंतर सर्वतोमुखी झालं. स्टोकर यांची टिपणं फिलाडेल्फियातल्या रोझेनबाख संग्रहालयात आहेत. त्यांत काउंटचं, म्हणजे ड्रॅक्युलाचं, आधीचं नाव 'वॅम्पायर' असं आहे आणि गोष्ट स्टिरियात घडणार होती. ड्रॅक्युला हे नाव त्यांना १८९० मध्ये व्हिटबीच्या ग्रंथालयात विल्यम विल्किन्सन यांच्या पुस्तकात मिळालं. ट्रान्सिल्व्हेनियात ते स्वतः कधी गेले नव्हते. व्लाडकडून नाव आलं आणि त्याच्यासोबत इतिहासाच्या चार ओळी, त्यापलीकडे फारसं काही नाही.

पायरी ५ : सरकारी कागद

नवखे वाचक ही पायरी गाळतात. आमच्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा.

१७१८ च्या पासारोविट्झच्या तहाने उत्तर सर्बिया ऑस्ट्रियाच्या ताब्यात गेला. संशयित व्हॅम्पायरच्या कबरी उकरण्याचं जे काम गावकरी पूर्वीपासून करत आले होते ते आता परकीय अधिकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होऊ लागलं, आणि अधिकारी म्हटला की तो अहवाल लिहिणारच. १७२५ मध्ये किसिल्येवो गावात पेतार ब्लागोयेविच वारला. त्याला पुरल्यावर सुमारे दहा आठवड्यांनी, आठ दिवसांत नऊ माणसं दगावली. मरण्यापूर्वी त्यांनी सांगितलं, की पेतार रात्री येऊन आमच्या छातीवर बसला. कबर उघडली तेव्हा फ्रोम्बाल्ड नावाचा अधिकारी हजर होता. त्याने लिहिलं: प्रेत ताजं वाटत होतं, केस आणि दाढी वाढलेली, जुनी कातडी सुटून खाली नवी दिसत होती, तोंडात ताजं रक्त. खुंटा मारल्यावर कान-तोंडातून रक्त आलं. मग प्रेत जाळलं.

दुसरा अहवाल जानेवारी १७३२ चा, मेद्वेजा गावचा, लष्करी वैद्य योहान फ्लुकिंगर याचा. अर्नाउत पावले हा माणूस गवताच्या गाडीवरून पडून मान मोडून मेला होता. त्यानंतर मृत्यू झाले, गावकऱ्यांनी त्याला उकरून खुंटा मारला. पाचेक वर्षांनी पुन्हा साथ आली, तेव्हा फ्लुकिंगरने एकेक कबर उघडून नोंद केली. हा अहवाल युरोपभर छापला गेला आणि 'व्हॅम्पायर' हा शब्द इंग्रजीत पक्का झाला तो या बातम्यांमुळेच.

अहवालातली एकेक ओळ घ्या आणि पुरलेल्या प्रेताचं काय होतं त्याच्याशी ताडून बघा. आतड्यातल्या जंतूंमुळे वायू धरतो आणि पोट फुगतं, म्हणून हाडकुळा माणूस 'खाऊन माजलेला' दिसतो. तो दाब फुप्फुसांवर येतो आणि तांबूस काळा द्रव तोंडा-नाकावाटे बाहेर पडतो, ते 'प्यायलेलं रक्त'. गोठलेलं रक्त काही वेळा पुन्हा पातळ होतं. वरची त्वचा नखांसकट सुटते आणि खाली ओलसर, तांबडी त्वचा दिसते, तीच 'नवी कातडी'. त्वचा आकसून मागे सरली की दाढीचे खुंट लांब भासतात. फुगलेल्या छातीत खुंटा घातला की अडकलेली हवा घशातून बाहेर पडते आणि कण्हल्यासारखा आवाज येतो. थंड मातीत खोल पुरलेलं प्रेत तर कितीतरी सावकाश कुजतं. गावकरी खोटं बोलत नव्हते. त्यांनी जे पाहिलं ते बरोबर पाहिलं, फक्त साथ कशी पसरते हे कळायला अजून दीडशे वर्षं होती. १७५५ मध्ये सम्राज्ञी मारिया थेरेसाचे वैद्य गेरार्ड फान स्विटेन यांनी हे सगळं नैसर्गिक असल्याचा निर्वाळा दिला आणि कबरी उकरण्यावर बंदी आली.

याच ओळीत अमेरिकेतली मर्सी ब्राउन बसते. ऱ्होड आयलंडच्या एक्झिटर गावातली ही तरुणी जानेवारी १८९२ मध्ये क्षयाने गेली. घरात आई आणि बहीण आधीच गेल्या होत्या, भाऊ एडविन खंगत होता. मार्चमध्ये शेजाऱ्यांच्या आग्रहावरून तिचं प्रेत बाहेर काढलं, काळीज जाळलं आणि त्याची राख पाण्यातून एडविनला पाजली. दोन महिन्यांत तोही गेला. न्यू इंग्लंडमधल्या या समजुतींचं एक वर्तमानपत्री कात्रण स्टोकर यांच्या टिपणांत सापडलं आहे.

जाता जाता एका चुकीपासून सावध करतो. पॉर्फिरिया या आजाराने व्हॅम्पायरची कल्पना जन्माला आली, असं सर्रास सांगतात. या आजारात काहींना ऊन सोसत नाही, हे खरं. पण युरोपच्या लोककथांतल्या व्हॅम्पायरला उन्हाचं वावडं नव्हतंच, ते १९२२ चं. सातवा रकाना भरलेला असेल तर असला दावा तुम्ही जागच्या जागी तपासू शकता.

पायरी ६ : एकेक मुलूख, सावकाश

एका आठवड्याला एकच प्रदेश घ्या.

चीनपासून सुरुवात करा, कारण तिथे जवळजवळ प्रत्येक रकाना युरोपपेक्षा वेगळा भरतो. जियांगशी म्हणजे ताठरलेलं प्रेत. सांधे वळत नाहीत म्हणून ते हात पुढे धरून टणाटण उड्या मारत येतं, अंगावर छिंग राजघराण्याच्या काळातल्या अधिकाऱ्याचा पोशाख. ते प्रामुख्याने माणसातली ची, म्हणजे प्राणशक्ती, ओढून घेतं. कपाळावर पिवळ्या कागदाचा मंत्रलेख चिकटवला की जागीच थिजतं. पीचच्या लाकडाची तलवार, कोंबड्याची बांग, आरसा, उंच उंबरठा आणि चिकट तांदूळ ही अडवायची साधनं. हुनान प्रांताच्या पश्चिम भागात परमुलखात मेलेल्या मजुरांची प्रेतं रात्री गावी पोचवण्याची प्रथा सांगितली जाते. बांबूला बांधलेली प्रेतं दोघे खांद्यावरून नेत, बांबू लवचिक असल्याने ती वरखाली हलत, आणि त्यातून उड्यांची कल्पना आली असावी असं स्पष्टीकरण देतात. घरापासून दूर, आपल्या मातीबाहेर मरण येणं ही इथली धास्ती. बघायचं तर १९८५ चा हाँगकाँगचा 'मिस्टर व्हॅम्पायर' बघा. त्यात दुकानदार चिकट तांदळात साधा तांदूळ मिसळून विकतो आणि उपचार फसतो. नियम किती काटेकोर आहे हे या एका प्रसंगात कळतं.

आग्नेय आशियात पहिलाच रकाना हादरवतो. मलायातली पेनांगालान मेलेली नसते. ती गावातलीच जिवंत बाई असते, बऱ्याचदा सुईण. रात्री तिचं मुंडकं धडापासून सुटतं आणि लोंबत्या आतड्यांसकट उडत निघतं. परत आल्यावर फुगलेली आतडी धडात मावत नाहीत, म्हणून ती व्हिनेगरच्या रांजणात बुडवून आकसवते. अंगाला व्हिनेगरचा वास हीच तिची ओळख. बाळंतिणीच्या घराभोवती जेरुजूच्या काटेरी फांद्या लावतात, म्हणजे आतडी काट्यांत अडकतात. कोकणात खाडीकाठी जिला मारांडी म्हणतात तीच ही वनस्पती. फिलिपिन्सची मनानांगल कमरेपासून दोन तुकडे होऊन उडते. मागे राहिलेल्या अर्ध्या धडावर मीठ, राख किंवा ठेचलेला लसूण टाकला की तिला पुन्हा जोडलं जाता येत नाही, आणि उजाडलं की ती संपते. दोघींचीही नजर गरोदर बाईवर आणि तान्ह्या बाळावर. बाळंतपणात बायका दगावत होत्या तिथे भीतीने हेच रूप घेतलं. आपल्याकडची अळवंतीण, म्हणजे बाळंतपणात मेलेल्या बाईचं भूत, याच दुःखातून आलेली आहे, तिची ओळ यांच्या शेजारी लिहा.

बाकीचे भराभर. ग्रीसचा व्रिकोलाकस रक्त पीत नाही, तो दारं वाजवतो, घरात नासधूस करतो. काही बेटांवर पहिल्या हाकेला ओ देत नाहीत, दुसऱ्या हाकेची वाट बघतात. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ तूर्नफोर यांनी १७००–०१ च्या हिवाळ्यात मिकोनोस बेटावर असा एक प्रकार प्रत्यक्ष पाहिला आणि लिहून ठेवला, तो जरूर मिळवा. त्रिनिदादची सूकुयाँ ही म्हातारी कातडी काढून उखळात ठेवते आणि आगीचा गोळा होऊन फिरते. कातडीला मीठ चोळलं की परत घालता येत नाही, आणि दारात तांदूळ सांडले तर ते मोजल्याशिवाय तिला पुढे जाता येत नाही.

आता वेताळ. रिचर्ड बर्टन यांनी १८७० मध्ये वेताळकथांच्या इंग्रजी पुस्तकाला व्हॅम्पायरचं नाव दिलं आणि तेव्हापासून जगभरच्या याद्यांत वेताळ रक्तपिपासू म्हणून बसला आहे. वही काढून बघा. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'तला वेताळ झाडाला लटकलेल्या प्रेतात शिरतो, राजाच्या पाठीवर बसतो, गोष्ट सांगतो आणि न्यायाचा प्रश्न विचारतो. 'वेताळ पंचविशी'त तो राजाकडून काही नेत नाही, उलट शेवटी त्याचा जीव वाचवतो. दुसरा रकाना रिकामाच राहतो. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाला केळ्यांचे घड आणि मोठाले चपलांचे जोड वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत हिंडतो आणि चपला झिजतात. गोव्यातही बेताळ ग्रामदेवता आहे. त्याला व्हॅम्पायरांच्या ओळीत घालू नका, स्वतंत्र पान द्या.

याद्या वाचताना एक कसोटी लावा: नावापुढे प्रदेश, भाषा आणि ती समजूत कोणी, कधी नोंदवली हे आहे का? माँटेग्यू समर्स यांच्या १९२८ आणि १९२९ च्या दोन ग्रंथांत अफाट सामग्री आहे, पण ते स्वतः व्हॅम्पायर खरे मानत आणि चाळणी न लावता सगळं घेत. ते वाचा, मात्र प्रत्येक नोंद दुसरीकडे पडताळल्याशिवाय वहीत उतरवू नका.

पायरी ७ : नव्या कादंबऱ्या, रकान्यानुसार

आता क्रमाची गरज नाही, कुतूहल असेल तो रकाना धरा. चौथा रकाना, म्हणजे आमंत्रण, धरायचा तर योन आय्विदे लिंडक्विस्ट यांची 'लेट द राइट वन इन' (२००४). स्टॉकहोमच्या ब्लाकेबेरी उपनगरात, १९८१ मध्ये घडणारी. बोलावल्याशिवाय उंबरठा ओलांडला तर नक्की काय होतं, हे तिथे अंगावर येईल असं दाखवलंय. पाचवा रकाना आवडत असेल तर रिचर्ड मॅथेसन यांची 'आय अॅम लेजंड' (१९५४). नायक घरात बसून लसूण, क्रूस, ऊन एकेक करून तपासतो आणि प्रत्येकाचं कारण शोधतो. पहिल्या रकान्यासाठी अॅन राइस यांची 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर' (१९७६), जिथे आपबीती व्हॅम्पायरच सांगतो आणि क्रूसाचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. अनेक मुलखांचे व्हॅम्पायर एकत्र बघायचे असतील तर सिल्व्हिया मोरेनो-गार्सिया यांची मेक्सिको सिटीत घडणारी 'सर्टन डार्क थिंग्ज' (२०१६). ही मात्र सहावी पायरी झाल्यावरच घ्या, नाहीतर अर्धे संदर्भ हातातून निसटतात.

आणि स्टीफन किंग यांची 'सेलम्स लॉट' (१९७५) घेतलीत तर तिच्यावर बेतलेली नारायण धारप यांची 'लुचाई' लगेच पाठोपाठ वाचा. दोन्हींच्या ओळी वहीत एकाखाली एक लिहा. अमेरिकेतल्या लहान गावातली भीती मराठी गावात आणताना कोणते नियम जसेच्या तसे राहिले आणि कुठे बदलावे लागले हे पाचव्या आणि सहाव्या रकान्यात शोधा. त्यासाठी दोन्ही पुस्तकं पंधरा दिवसांच्या आत वाचून व्हायला हवीत. मध्ये फार अंतर पडलं तर तपशील पुसट होतात आणि ताडून बघायला पुन्हा पहिल्या पानापासून वाचावं लागतं.